चूल तुझी, कढई माझी

उजवा खांब, फोंगकाकांचं कॉफीचं दुकान, पिनांग
ता. ३ मार्च १९९४

चि. तेइक बून यास,
अ. उ. आ. वि. वि. यातलं ‘अनेक’ फक्त रीत म्हणून. मनात एकच आशीर्वाद आहे, तुला सुबुद्धी होवो.

तुझा ठेला माझ्या ठेल्यापासून सतरा पावलांवर आहे, तरी पत्र लिहिते आहे. पाच वर्षांपूर्वी आपा थकले, त्यांनी आपल्या दोन पोरांत ठेल्याची वाटणी केली, आणि त्या दिवशी मी म्हटलं की या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. मी शब्दाची पक्की आहे. फोंगकाका कॉफीच्या ट्रेखाली हा कागद आणून देतील. त्यांना उगाच पिडू नकोस. एकाच दुकानात दोन ठेले, दोन्हींवर तोच कोय त्याव, त्याच परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवया. असा मूर्खपणा पिनांगात दुसरा कुणी खपवून घेतला नसता.

आता मुद्द्याचं. काल आपांची तुझ्याकडे खायची पाळी होती. तुझी नारिंगी ताटली त्यांच्या टेबलावरून परत गेली ती मी पाहिली. चाटूनपुसून लख्ख. माझी हिरवी ताटली परवा परत आली तेव्हा तिच्यात दोन तृतीयांश कोय त्याव तसाच होता. भांडी घासणारी बाईसुद्धा माझ्याकडे बघून हसली. पण मला त्याचं दुःख नाही. दुःख याचं, की डॉक्टर काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. आपांच्या किडन्या निम्म्या गेल्या आहेत. मीठ बंद, सोया बंद, चरबीचे खडे बंद, शिंपल्यातल्या तिसऱ्या बंद. मी पंधरा दिवस हे सगळं वगळून त्यांना नुसते मुगाचे मोड आणि अंडं घालून परतून देते आहे. आणि तू सतरा पावलांवर बसून बापाला विष वाढतो आहेस, का, तर ताटली रिकामी आली की तुझी छाती फुगते.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. मी तुला पाठीला बांधून ताटल्या विसळल्या आहेत. तेव्हाच जरा घट्ट बांधायला हवं होतं.

कळावे. लोभाचं तुझं तू बघ.
नाइलाजाने तुझी बहीण,
गैक चू


डावा खांब
ता. ४ मार्च १९९४

ती. आचीस,
शि. सा. न. वि. वि. दंडवत लांबूनच घालतो, जवळ आलं की तू झारा उगारतेस.

पत्र पोचलं. त्यावर फोंगकाकांनी कॉफी सांडली होती, त्यामुळे काही शिव्या वाचता आल्या नाहीत. उरल्या त्या पोटभर झाल्या.

आपा तुझ्या घरी राहतात, तुझ्या घरात निजतात, म्हणून ते तुझ्या एकटीचे होत नाहीत. आपल्या टेबलाशी बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं. त्यांना मी काय सांगू, की आपा, आचीचा हुकूम आहे, उपाशी जा? तुझ्या ताटलीबद्दल ते काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, की गैक चूचा कोय त्याव खाल्ला की इस्पितळात भरती झाल्यासारखं वाटतं, फक्त नर्स जास्त चिडकी आहे. मी हसलो नाही. म्हणजे त्यांच्यासमोर हसलो नाही.

आणि दोष सोयाचा, चरबीचा कशाला काढतेस? तुझी ती गॅसची शेगडी फुरफुर करते पण तापत नाही. आपांची कढई घेऊन बसलीस म्हणजे आपांचा हात आला असं समजतेस. नाचता येईना अंगण वाकडं.

तुझ्या रांगेतल्या तीन बायका काल माझ्याकडे आल्या. मी बोलावल्या नव्हत्या.

आहे तेवढा लोभ पुरे, वाढवू नये ही विनंती.
तुझा,
तेइक बून


उजवा खांब
ता. ९ मार्च १९९४

चि. तेइक बून,
आज आशीर्वाद नाहीत.

आपांचे पाय सुजले आहेत. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला भर दवाखान्यात झापलं. म्हणाले, हा माणूस रोज मीठ खातो आहे, तुम्ही घरचे लोक झोपला आहात का? असंच चाललं तर पुढच्या चिनी नववर्षाला यांची खुर्ची रिकामी दिसेल, असं ते सरळ तोंडावर बोलले. मी मान खाली घालून ऐकलं. तुझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

मला आपांच्या जिवाची भीती वाटते, तेइक बून. रात्री नाही, दिवसाढवळ्या वाटते. कढईत झारा फिरवताना माझं लक्ष त्यांच्या पायांकडे असतं आणि अंडं करपतं.

म्हणून सौदा करते. तुला कढई हवी होती ना? पाच वर्षं तू माझ्या कढईकडे बघतोस ते मला दिसतं. घेऊन जा. चाळीस वर्षांचा काळा थर आहे तिच्यावर, साबण लावू नकोस. मी कुठली तरी नवी घेईन, नाहीतर ठेला बंद करेन. फक्त त्यांना मीठ देऊ नकोस. हे मी तुझ्यासमोर हात पसरून लिहिते आहे, आणि हे लिहिताना मला तुझा जितका राग येतो आहे तितका जन्मात आला नव्हता.

गैक चू


डावा खांब
ता. १० मार्च १९९४

ती. आचीस,
सा. न.

तुझी कढई तुझ्याजवळ ठेव. मी भिकारी नाही.

एक गोष्ट सांगतो, ती वाचून जिंकल्यासारखं तोंड करू नकोस, मला इथून दिसतं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून आपांच्या ताटलीत मी सोयाचा थेंब टाकलेला नाही. चरबी नाही, तिसऱ्या नाहीत. त्याआधी टाकत होतो, तो माझा गाढवपणा. डॉक्टर घाबरवतात असं मला वाटलं. पण तुला तसं कळवलं असतं तर तू सगळ्या गल्लीला सांगितलं असतंस की तेइक बूनला आचीने सरळ केलं. म्हणून उलट लिहिलं.

आणि तरी ताटली रिकामीच येते. मला वाटलं, माझ्या हाताला चव आहे. चूल माझ्याकडे आहे, कोळशाची, आपांचीच. आता मला सांग, माझ्याकडे मीठ नाही, तुझ्याकडे मीठ नाही, मग पाय कशाने सुजले? ते राहतात तुझ्या घरी. तुझ्या स्वयंपाकघरात खारवलेली अंडी असतात, मला माहीत आहे. दुसऱ्याच्या नावाने खडे फोडण्याआधी आपलं कपाट उघडून बघावं.

लोभाविषयी आज काही लिहीत नाही.
तेइक बून


उजवा खांब
ता. १४ मार्च १९९४

चि. तेइक बून,
अ. आ. खारवलेल्या अंड्यांना कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात आहे. तुझ्या संशयाला मीठ लावून खा.

तीन दिवस मी शेजारणीच्या सुनेला ठेल्यावर उभी करून समोरच्या अगरबत्तीवाल्याच्या दुकानात बसले. पाहिलं ते लिहिते.

आपांच्या टेबलाला रोज सकाळी तो सायकलरिक्षावाला आ तेओंग येऊन बसतो. अनोळखी माणूससुद्धा रिकाम्या खुर्चीवर बसतो, ही आपली रीतच, त्यामुळे आपलं दोघांचंही तिकडे लक्ष गेलं नाही. तुझी नारिंगी ताटली येते. आपा दोन घास खातात, तोंड वाकडं करतात, आणि ताटली त्याच्यापुढे सरकवतात. तो फस्त करतो. तुझ्या हाताची चव ती हीच. माझी हिरवी ताटलीही त्याच्यापुढे सरकते, तीत तो थोडं खातो आणि नको म्हणतो. हे मी स्वतःच लिहिते, म्हणजे तुला लिहावं लागणार नाही.

मग तो खाण्याची फेड म्हणून आपांना रिक्षात बसवून मागच्या गल्लीत नेतो. कुठे? मी मागोमाग गेले. टकल्या खॉच्या ठेल्यावर! ज्याचं नाव आपल्या घरात तीस वर्षं कुणी घेतलं नाही. कोंबडीच्या ऐवजी बदकाचं अंडं घालून गिऱ्हाइकं पळवतो म्हणून आपा ज्याच्या दारावरून जायचे नाहीत, तो खॉ. आपा त्याच्याकडे बसून सोयाने काळाकुट्ट झालेला, चरबीने चकाकणारा कोय त्याव, बदकाच्या अंड्याचा, मिटक्या मारत खातात. आणि दोघं म्हातारे हसतात. खॉने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मी तिथे जाऊन दोघांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. खॉला डॉक्टरांचं कळल्यावर त्याने झारा खाली ठेवला आणि आपांनाच शिव्या घातल्या.  नंतर आपांनी फोंगकाकांकडे जाऊन काहीतरी लिहवून घेतलं, ते सोबत आहे. एकच कागद दोघांना आहे, वाचून परत कर.

गैक चू


मधलं टेबल
ता. १४ मार्च

चि. गैक चू आणि चि. तेइक बून यांस,
दोघांत मिळून एक आशीर्वाद. भांडून घ्या.

अक्षर फोंगचं, बोल माझे. मी खॉकडे गेलो. तीस वर्षांपूर्वी कशावरून भांडलो ते आठवेना, खॉलाही आठवेना. बदकाचं अंडं चांगलं लागतं. इतकी वर्षं फुकट घालवली.

तुम्हाला वाटतं मी मिठासाठी गेलो. मीठ मला सोडता येतं. तुमची आई गेली तेव्हा वर्षभर मी काय खात होतो कुणाला माहीत आहे? पण तुमचं दोघांचं खाणं थंड आहे. पोरीच्या कढईखाली आच नाही, पोराच्या आचेवर कढई नाही, पत्र्याचं काहीतरी आहे. बिनमिठाचं खायचं तर ते निदान जाळावरचं तरी हवं.

वाटणी करताना मी मुद्दाम एकाला चूल दिली आणि एकीला कढई. म्हटलं, झक मारत एकत्र याल. दुसऱ्या दिवशी हिने गॅस आणला आणि याने नवी कढई. माझा हिशेब चुकला. एवढी गाढवं मी जन्माला घातली असतील असं वाटलं नव्हतं.

पाय दुखतात. जास्त लिहवत नाही.
तुमचा,
आपा


डावा खांब
ता. १५ मार्च

ती. आचीस,
उद्या नऊला चूल पेटलेली असेल. कढई आण. बोलायची गरज नाही.
ते. बू.


उजवा खांब
ता. १६ मार्च १९९४

चि. तेइक बून,
अ. आ. वि. वि. सकाळी बोलायचं नव्हतं म्हणून जे राहिलं ते लिहिते.

तू कोळसे फार रचतोस. मोड टाकायला घाई करतोस. मी हिरवी ताटली पुढे केली तेव्हा नारिंगी पुढे करायची काही गरज नव्हती. फोंगकाकांना शेवटी कॉफीची पांढरी बशी आणावी लागली, एवढ्याशा बशीत आपांचं काय होणार? तुझं कोपर दोनदा लागलं. मुद्दाम लावलंस.

तू पाठ करून उभा होतास, रडत होतास की धूर गेला होता ते मला माहीत नाही, म्हणून तुला दिसलं नसेल. आपांनी पहिला घास खाल्ला. आ तेओंगने सवयीने हात पुढे केला. आपांनी त्याच्या हातावर फटकन चापट मारली आणि बशी छातीशी धरली.

कढई तापलेली होती, मला उचलवली नाही. म्हणून ती तुझ्या चुलीवर राहिली आहे. त्याचा भलता अर्थ काढू नकोस. साबण लावू नकोस. उद्या नऊला न्यायला येईन.

कळावे.
गैक चू