सात तटांच्या राजधानीत एक विहीर

तीर्थरूप अक्कास धाकटीचा नमस्कार. (वाकून आहे, पण गुडघा देईल तेवढाच वाकून.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे मी ठणठणीत आहे. ह्यांना मात्र कादंबरी झाली आहे.

झाली आहे म्हणजे लिहून झाली असं समजू नकोस. गोवर होतो तशी झाली आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, त्यातलं दीड वर्ष हे कादंबरीची 'पूर्वतयारी' करताहेत. तिच्यात एक काल्पनिक राज्य आहे. राज्याला राजधानी, राजधानीला सात तट, तटांना एकवीस दरवाजे आणि प्रत्येक दरवाजाला स्वतःचा इतिहास. राजाच्या अकरा पिढ्यांची वंशावळ जेवणाच्या टेबलावर पसरलेली असते, म्हणून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. परवा नवव्या पिढीवर चहा सांडला, तर अक्का, सख्खे काका गेले तेव्हाही हे इतके हळहळले नव्हते. आणि कादंबरीचं पहिलं वाक्य? ते अजून नाही. विचारलं की म्हणतात, आधी जग उभं राहिलं पाहिजे. जग राहिलंय उभं. आम्हाला बसायला जागा उरली नाही, एवढंच.

बरं, हे एकटे असते तर सोसलं असतं. पण दर रविवारी सकाळी ह्यांचे तीन सोबती येतात, तेही असेच जगं उभारणारे. एक दातांचे डॉक्टर. त्यांच्या आकाशात तीन चंद्र आहेत, पण खालची माणसं खातात काय, हे ठरायचं आहे. (दातांच्या डॉक्टरला हा प्रश्न शेवटी पडावा!) दुसरे व्याकरणाचे मास्तर. त्यांनी अख्खी नवी भाषा रचली आहे, तिला चौदा विभक्त्या आहेत, आणि तिच्यात बोलायला अजून एकही माणूस नाही. तिसऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे नायिकेची चौतीस पानं माहिती आहे, लहानपणी ती कुठल्या कुत्र्याला भ्यायली इथपर्यंत. नायिकेनं करायचं काय, असं विचारलं तर म्हणतात, सुचेल हो.

गेल्या महिन्यात ह्यांनी राजधानीचा नकाशा भिंतीवर लावला आणि मंडळींनी माना डोलावल्या. मी चहा घेऊन गेले होते. तुला माहीतच आहे, मी तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली. नकाशा दिसला की माझी नजर आधी टाकी शोधते. टाकी नव्हती. दोन लाख वस्ती आणि राजवाड्यामागे एक विहीर. नदी होती, पण ती खालून वर डोंगर चढत होती.

"ह्या लोकांना पाणी कुठून येतं?" मी विचारलं.

"कथेत पाण्याचा संबंध येत नाही," हे म्हणाले.

"मग दुसऱ्या प्रकरणात सगळे जुलाबानं मरतील. सांडपाण्याचा उतार विहिरीकडेच आहे."

व्याकरणाचे मास्तर खो खो हसले आणि तिथेच घात झाला. माझं बोलणं ह्यांना लागलं नव्हतं (त्याची सवय आहे), ते हसणं लागलं. मंडळी गेल्यावर ह्यांनी नकाशा उतरवला, चार घड्या घातल्या आणि कपाटात चादरींच्या खाली सारला. वंशावळही गेली. पुढचे चार दिवस घरात 'हो', 'नाही' आणि 'मीठ' एवढेच शब्द. छत्तीस वर्षांत हे माझ्याशी भांडले पुष्कळ, पण गप्प कधी बसले नव्हते. टेबल रिकामं झालं होतं, अक्का, आणि मला ते रिकामं टेबल बघवेना.

पाचव्या दिवशी सकाळी मीच नकाशा काढून टेबलावर अंथरला. "नदीचा उगम कुठे धरू?"

ह्यांनी चहाचा कप नकाशावरून दूर सारला. मग उठून पेन्सिल घेऊन आले. "उत्तरेला. पण राजवाडा हलणार नाही."

राजवाडा हलवावाच लागला; जलवाहिनीच्या बरोब्बर वाटेत आडवा बसला होता मेला. दोन तट गेले. ह्यांची नायिका ज्या बुरुजावरून उडी घेणार होती, तिथे आता पाणी गाळायची टाकी आली, तेव्हा ती पोर बहुतेक जगेल. ह्यांनी मुकाट्यानं सगळं सोसलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पहिलं वाक्य लिहिलं. मला वाचून दाखवलं. बरं आहे. (त्यांना मी "ठीक" म्हणाले.)

माझं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही. ज्यांना स्वतःच्या न्हाणीघरातला गळका नळ दिसत नाही, त्यांनी राज्यं उभारू नयेत. भावोजींना नमस्कार सांग आणि स्वतःला जप.

तुझीच,
धाकटी

ता. क. तू जन्मभर शाळेत वह्या तपासल्यास, म्हणून सोबत एकसष्ट पानं पाठवते आहे. ऱ्हस्वदीर्घ तेवढे बघ. राजधानीच्या पाणीखात्यात एक अधिकारी बाई आहे, तिची हकीकत आहे. कुणी लिहिली ते विचारू नकोस आणि ह्यांना कळू देऊ नकोस.

आणखी एक. त्या बाईला भावंडं किती, ती डावखुरी का झाली, तिच्या आजोळी खोल्या किती, हे सगळं वेगळ्या दोन वह्यांत आहे. त्या मागाहून पाठवते. आधी त्या वाचल्याशिवाय गोष्ट नीट कळायची नाही.

शेवटचं. एकोणिसाव्या पानावर ह्यांचा राजा माझ्या हातून मेला. टाळायचा खूप प्रयत्न केला, पण तो ऐकेना. सांगायला माझा धीर होत नाही. पुढच्या आठवड्यात चार दिवस राहायला ये, आणि तूच ह्यांना जवळ बसवून सांग.