नाळ आत, पोर बाहेर

१० फेब्रुवारी १८९८, गुरु., कल्याण

मुलगी झाली. छावणीतल्या नारळीच्या झापांच्या झोपडीत. दोघी सुखरूप. डॉक्टरांनी कुंपणाआडून ओरडून सांगितले. माझ्यापुढे दूधवाला, शिपाई आणि दोन कुत्री उभी होती, त्यामुळे बातमी बापाच्या आधी त्यांना कळली.

परत येताना साखर घेतली आणि आळीत घरोघर वाटली. मुलीची साखर वाटत नाहीत म्हणे. मी वाटली. आनंद झाला आहे, फार झाला आहे. हे आजच लिहून ठेवतो, कारण पुढे या वहीत रागच जास्त येणार अशी चिन्हे आहेत.

११, शुक्र.

सौ. छावणीत कशी, हे ज्याला त्याला सांगून तोंड दुखले. एकदाच इथे लिहितो. आपल्या मामांना भेटायला म्हणून ठाण्यास गेली होती. दिवस भरत आलेले असताना उन्हात आगगाडीत बसू नकोस म्हटले होते, ऐकते कोण. परत आली तर स्टेशनात प्लेगची तपासणी. उन्हाने अंग तापलेले, झाला संशय. ताप दुसऱ्या दिवशी गेला, छावणी राहिली. मुदत सोमवारी संपते.

सुईणीबरोबर तिचा निरोप आला. वार छावणीच्या माणसांनी नियमाप्रमाणे जाळून टाकली, पुरू दिली नाही. सौ. रडते आहे. आता पोरीचे गाव कोणते, असे विचारते.

मी उलट निरोप दिला की नाळेचा देठ अजून पोरीच्या अंगावर आहे. गळून पडेल तो जपून ठेव. आपण आपल्या दारी पुरू.

आपले दार! आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जंगबारला इतकी वर्षे पेढीवर लिहिण्यात गेली. तिथे भाड्याच्या घरामागे आधीच्या दोन मुलांच्या नाळा पुरल्या आणि वर्षा-वर्षाच्या आत दोघांनाही त्याच मातीत ठेवले. तिसरे आपल्या मुलखात, हा तिचा हट्ट. म्हणून नोकरीवर पाणी सोडून आलो. मुलूख आपला आणि दार घरमालक धर्मा पाटलाचे.

१२, शनि.

कचेरी. सोमवारी दोघींना घरी आणायचे तर मुलीचा रहिवासाचा पास हवा. आमच्या घराच्या पासावर दोनच नावे: मी आणि सौ. गावात आत-बाहेर करायचे ते त्या पासावर. तिसरे माणूस त्यावर चढवायचे, एवढेच काम. पाव घटकेचे.

कारकून चष्मेवाला आहे. (यापुढे 'च.' लिहीन.) त्याने वही उलगडली, बोट फिरवले, थांबला.

"ही कुठून आली?"

"आली कुठून म्हणजे? जन्मली."

"ते बरोबर. पण छावणीच्या यादीत गाडीतून उतरलेल्यांची नावे असतात. ही उतरलेली नाही."

मग म्हणाला, छावणी गावाच्या हद्दीबाहेर, तेव्हा गावच्या जन्मांत ती धरता येत नाही. मी म्हटले, बाप गावात राहतो ना? त्याने आमचा पास काढला. मु. जंगबार, हल्ली कल्याण. "मुक्काम जंगबार. तेव्हा मूल तिकडचे. तिकडे अर्ज करा."

समुद्रापलीकडे. तीन दिवसांच्या पोरीसाठी. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यालो तरी डोके तापलेलेच.

१४, सोम.

मुदत संपली. फाटकापाशी गेलो. सौ. आली, सुईणीच्या खांद्यावर हात ठेवून, कुशीत गाठोडे. चार दिवसांत किती वाळली. गाठोड्यातून नुसते कपाळ दिसले. माझ्या आईचे कपाळ.

शिपायाने पास पाहिला. बाईंनी जावे, मूल ठेवावे.

"ठेवावे कुठे?" सौ.ने विचारले.

ते शिपायालाही ठाऊक नव्हते. त्याला एवढेच ठाऊक की पासावर दोन नावे आहेत. सौ. मागे वळली आणि झोपडीत गेली. मी फाटकाशी उभा. शिपाई म्हणाला, तुम्ही तर आधीच बाहेर आहात, तुम्ही जा.

१५, मंगळ.

च. आज मवाळ होता, म्हणून जास्त भीती वाटली. म्हणे एक वाट आहे. गावातल्या पिढीजात रहिवाशाने 'हे मूल माझ्या घरचे' असे सांगून अंगठा दिला तर साहेबापुढे ठेवतो. शिवाय मुलाचे नाव हवे.

बारसे व्हायचे आहे, नाव कुठले? आणि आमच्याकडे बाराव्या दिवशी थाटात ठेवलेली दोन्ही नावे हाक मारायला उरली नाहीत. यंदा सौ. वर्षभर नाव ठेवू देणार नाही. हे च.ला कसे सांगायचे? सांगितले. त्याने टाक खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि नावाची जागा कोरी सोडून पुढे लिहू लागला. एवढ्या दिवसांत त्याने केलेली पहिली माणसासारखी गोष्ट.

मग म्हणाला, टाक बदलून आणतो. तो गेला तो जेवायलाच.

१६, बुध.

धर्मा पाटलाकडे गेलो. मालक म्हणून माणूस वाईट नाही. मिठागरे आहेत, खाडीकडे शेत आहे, बोलायला कमी. ओटीवर बसवले, पाणी दिले. मी मुलाबद्दल सांगितले. ऐकून घेतले आणि मान हलवली ती आडवी.

त्याच्या बापाने असेच एका परक्याला खोपट बांधू दिले होते. त्याच्या पोरांनी पुढे आम्ही इथेच जन्मलो म्हणून अर्धे शेत मागितले. कोर्टात बाप म्हातारा झाला.

"आज पोर माज्या घरचा बोलू, उंद्या पोर बोलंल आंगन माजा."

म्हटले, लिहून देतो, शपथ घेतो. तो म्हणे, शपथ तू घेशील, पोर थोडाच घेतोय. उठलो.

आतून त्याची म्हातारी आई, जिला सारी आळी बाय म्हणते, विचारीत होती की बाळंतिणीला डिंक-खोबरे कोण करून देते. कोणी नाही, म्हणालो.

१७, गुरु.

छावणीत सौ.च्या शेजारच्या झोपडीतल्या बाईला ताप. काखेत गाठ आहे की नाही, कोणी नीट सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. पण स्वतः बोलताना तोंडाला रुमाल.

कुंपणापाशी सौ. आली. पोरगी दाखवली नाही, उन्हे आहेत म्हणाली. मग पदरातून हळदीने माखलेली करवंटी काढली, वर केळीचे पान बांधलेले. देठ काल गळला.

"हे तरी घेऊन जा. हे गावात गेले की पोर आपोआप येईल."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. घेतली. छावणीतून बाहेर जाणारे धोतर उकळतात, भांड्याला धुरी देतात. शिपायाने विचारले, काय आहे? प्रसाद, म्हटले. त्याने हात जोडले. नाक्यावरही कोणी पास मागितला नाही.

म्हणजे नाळ आत आणि पोर बाहेर. हसू येत होते. नाका ओलांडला आणि रस्त्याच्या कडेला बसून रडलो, हेही लिहितो.

१८, शुक्र.

करवंटी देवापाशी ठेवली आहे. पुरायची कुठे? अंगण धर्माचे. न विचारता पुरली तर चोरी, विचारले तर नाही म्हणणार. मामांच्या ठाण्याच्या घरी पुरावी, तर ठाण्यात जायला वेगळा दाखला, आणि तिकडून परतलो की मीच छावणीत. एका करवंटीने इतकी अडचण कधी कोणाची केली नसेल.

च.कडे पुन्हा गेलो. साहेब दौऱ्यावर. उद्या शिवरात्र, कचेरी बंद. परवा रविवार. सोमवारी या. सोमवारी काय होईल? सोमवारी बघू. हात टेकले.

१९, शनि., महाशिवरात्र

उपास. तसाही घास उतरत नव्हता.

दुपारी बाय स्वतः आली, डिंकाचे लाडू घेऊन. छावणीत पोचव म्हणाली. देवापाशी करवंटी दिसली, तिने ओळखली. आमच्यात बोलणे झाले ते असे.

"पोऱ्याची नाल हाय? आजून पुरली नाय?"

"जागा कुठे आहे, बाय? आणि पोऱ्या नव्हे, मुलगी आहे."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मंग साखर कनाला वाटलीस?"

तेव्हा उलगडा झाला. साखर आली म्हणजे मुलगा, असे साऱ्या आळीने धरले होते. मला कोणी विचारले नाही आणि मीही जिथे-तिथे 'मूल' म्हणत राहिलो. मुलगी म्हटले की लोक चुकचुकतात, ते ऐकायचे नव्हते.

बायने तिथूनच ओरडून लेकाला बोलावले. धर्मा आला, ऐकले आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. पोरगी हाय तर आधी सांगायचे ना. पोरगी कशाला आंगन मागते, ती जायची परक्या घरी. जा म्हणे, सोमवारी देतो अंगठा.

इतके दिवस ज्यासाठी पायपीट केली ते झाले, आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझ्या मुलीला जागा मिळाली ती कशासाठी, तर ती कधी जागा मागणार नाही म्हणून. गप्प बसलो. बाप झाल्यापासून गप्प बसायला शिकतो आहे.

बाय मात्र गप्प बसली नाही. माहेर तिचे कळवे; लेकाला म्हणाली, "मी कलव्याची. माजी नाल कलव्याला आयशीचे पडवीन हाय. पन्नास सालां तुज्या बापासचे घरान राबलू, पन कलवा माजा हाय. त्यो कनी काढून घेतला? ये पोरीचा गाव ह्यो."

आणि उठली. आमच्या खोलीपुढे, भेंडीच्या डेरेदार झाडाखाली, स्वतः कुदळ मारली. धर्मा नको म्हणेना, हो म्हणेना. करवंटी ठेवली, हळदकुंकू वाहिले, माती लोटली, वर दगड ठेवला. मी पाणी घातले. माझा विश्वास नाही, हे वर लिहिलेच आहे.

२१, सोम.

धर्मा आला, अंगठा दिला. साहेब आले नाहीत. च. म्हणे उद्या.

बायने विचारले, पोर आली? नाही म्हटल्यावर म्हणाली, उद्या मी येते.

सौ.च्या शेजारची बाई आज वारली.

२२, मंगळ.

एका दमात लिहितो.

छावणीच्या फाटकासमोर बाय जाऊन बसली, रस्त्याच्या मधोमध. धर्मा लाजून दूर, झाडामागे. साहेबाची गाडी आली. साहेबाने दुभाष्याला विचारले, म्हातारीला काय पाहिजे. ती म्हणाली, "माजे घरची पोर भायेर हाय. ती आत येय परन मी जेवाची नय."

उपासाचे ऐकून साहेबाने विचारले, मूल हिचे कोण? दुभाष्याने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडण्याआधी झाडामागून धर्माच पुढे आला. आमच्या आंगनातली पोर हाय म्हणाला. अंगणातली! परवापर्यंत ज्या अंगणासाठी माझे पाणी जोखत होता, ते.

साहेबाबरोबर आलेल्या च.ने कागद पुढे केला. नावाची जागा कोरीच. साहेबाने काही विचारले नाही, गाडीतच गुडघ्यावर ठेवून लिहिले आणि गाडी गेली.

डॉक्टरांनी दोघींना तपासले. ताप नाही. सौ. बाहेर आली. पोरगी माझ्या हातात दिली. हलकी आहे, फार हलकी. पण नाक्यावर शिपायाने पास मागितला तेव्हा मोठ्याने रडली, आणि त्याने घाईघाईने जाऊ दिले.

घरी आल्यावर कागद नीट वाचला. 'पंधरा दिवसांचा रहिवास. मुदतीनंतर मुलाने मूळ मुक्कामी जावे, अथवा पुन्हा अर्ज करावा.'

मूळ मुक्काम! सौ.ला वाचून दाखवले. वाटले रडेल. तिने विचारले, कुठे पुरली? दाखवली. भेंडीखाली फाटकी गोधडी टाकली, दगडाशेजारीच, आणि पोरीला तिथे निजवले. धर्मा ओटीवरून पाहत होता.

"आता हिला इथून कोण हलवतो, ते मी बघते," म्हणाली.

पोरगी झोपली आहे. बाय जेवायला बसली आहे. मी कोरा कागद काढला आहे. अर्ज पोरीचा, म्हणून अर्जदाराचे नाव या ओळीवर अडलो आहे, आणि मुक्काम लिहून ठेवला आहे: कल्याण.