भवानी पेठेतलं आमेन

सोलापूर, रविवार

प्रिय आई,

फिलोमिनाचा प्रेमाचा नमस्कार. इथं कॉन्व्हेंटात मी पोटभर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

काल मला पहिल्यांदाच भवानी पेठेत लोकांशी येशूविषयी बोलायला पाठवलं. ओट्यावर बसलेल्या बजाबाई नावाच्या आजींना मी विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?"

"माजं बरं हाय की. तूच लई वाळलीयास. लगीन झालंय का?"

"नाही आजी, मी सिस्टर होणार आहे. आम्ही लग्न करत नाही."

त्यांनी आधी मला भाकरी खाऊ घातली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. "देवा, ह्या पोरीला चांगला नवरा दे."

सवयीनं माझ्या तोंडून "आमेन" निघून गेलं!

आई, तू मात्र आशेला लागू नकोस. मी खरंच सुखात आहे.

तुझीच,
फिलू