सूर्यास्तानंतर तोडलेल्या तुळशीबाबत

मी, कमळाकर हौसेराव भिलारे, वय सव्वीस, शिक्षण नववी पास, रबाळे येथील सुगंधी तेलाच्या कारखान्यात पाने उकळून तेल काढण्याच्या यंत्रावर कामगार, राहणार कोपरखैरणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. परवा मुंबईच्या इस्पितळात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. अवघड शब्द शब्दकोशात पाहून लिहिले आहेत.

१. राहती खोली वडिलांच्या पश्चात आईच्या, म्हणजे श्रीमती रंगूबाई यांच्या नावे आहे. जे माझे नाही ते मी देत नाही.

२. पोस्टातले खाते, घड्याळ व सायकल बहीण स्मिता हिला. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही. आधी दुरुस्त करावा, मग बसावे.

३. माझ्या दोन वह्याही स्मितालाच. ती बारावी सायन्सला आहे, तिला समजतील. गवती चहाला लिंबाचा वास सिट्रलमुळे, तुळशीला लवंगेचा वास युजेनॉलमुळे, हे त्यांत आहे. शिळ्या भाकरीचे दोन तुकडे दोन डब्यांत ठेवले होते; ओव्याच्या तेलाचा थेंब टाकलेल्याला पाच दिवस बुरशी आली नाही, तेही तारखेसह आहे. कारखान्याचे केमिस्ट श्री. श्यामसुंदर नाडकर्णी सर्वांसमोर म्हणाले होते, "भिलारे, तू वाफ सांभाळ. शास्त्र आम्ही सांभाळतो." पुढे त्यांनीच वही दोनदा घरी नेली. त्यांना मी माफ केले आहे. वही देऊ नये. साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी त्यांनी हे कलम वाचावे.

४. घरी तेल काढण्यासाठी ज्या कुकरच्या शिट्टीच्या जागी मी तांब्याची नळी बसवली तो मूळचा आईचा आहे, तो तिला परत द्यावा. म्हणून ही देणगी नसून परतफेड आहे. शिट्टी वरच्या फळीवर, चहाच्या डब्यात आहे.

५. हे कलम आईला मोठ्याने वाचून दाखवावे. गेल्या आश्विनात मी इमारतीमागच्या तिच्या वाफ्यातली तुळस एकाच दिवशी तीन वेळा तोडली. सकाळी, दुपारी व दिवस मावळल्यावर. तेल कोणत्या वेळी जास्त निघते ते पाहायचे होते. दिवस मावळल्यावर तुळशीला हात लावत नाहीत हे माहीत असून लावला. आई म्हणाली, "सांजच्याला तुळशीवर सुरी चालवलीस? तुजं काळीज आसंच कापलं म्हंजी कळंल तुला!"

चौदा दिवसांनी मला धाप लागू लागली. ऑपरेशन ठरल्यापासून आई माझ्यासमोर जेवत नाही.

डॉक्टरांना मी तीनदा विचारले. नऊ वर्षांचा असताना गावी ताप येऊन सांधे सुजले होते, झडप तेव्हाच बिघडली. तुळस तेव्हा लावलीही नव्हती. तेलही सांगतो : दुपारी सर्वांत जास्त, संध्याकाळी सर्वांत कमी व वास फिका. त्या वेळी तोडू नये हे आईचे म्हणणे वहीत बरोबर ठरले आहे. माझे काही झाले तर ते तापाने झाले. आईच्या बोलण्याने नाही.

६. आईला या कागदाने काहीही दिलेले नाही. घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. मला आई साक्षीदार हवी आहे, कारण साक्षीदाराला सगळे ऐकावे लागते.

वाचन झाल्यावरची नोंद : पाचवे कलम आईने दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "माजं बी लिव्ह त्यात." साक्षीदाराने मजकूर घालायचा नसतो, असे मी सांगितले. "आंगठा माजा हाय न्हवं? मग शबुद बी माजा. गप लिव्ह." म्हणून तिच्या सांगण्याप्रमाणे लिहितो :

"रागात बोल्ले ती मी तुळशीम्होरं माघारी घेतलं. पोरानं घरला यावं. ह्यो कागद लागू नये."

सही : कमळाकर हौसेराव भिलारे

साक्षीदार
१. रंगूबाई हौसेराव भिलारे (अंगठा)
२. श्यामसुंदर नाडकर्णी. कलम ३ वाचले. मान्य.

स्थळ : कोपरखैरणे, नवी मुंबई
दिनांक : १८ फेब्रुवारी १९९६