वहिनींची वही

१ डिसेंबर

सकाळी कामावर निघता निघता वहिनींचा फोन. "या वर्षी नाताळ तुझ्या घरी. जेवण, झाड, भेटी, सगळं तू बघ." माझा एक पाय बुटात, दुसरा हवेत. विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" म्हणाल्या, "ठणठणीत आहे. एकदा पाहुणी म्हणून यावंसं वाटतंय, बस." आणि फोन ठेवून दिला.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. नवरा त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून मीही. आमची लेकसुद्धा लहानपणी वहिनीच म्हणायची, मग तिला दटावून 'काकू' करावं लागलं. बावीस वर्षं नाताळ त्यांच्याकडे. त्यातली एकोणीस मी पाहिली, आणि त्या दिवशी मी आजवर दोनच कामं केली — वेळेवर पोचणं आणि पोटभर जेवणं. मला साधं पुडकं धड बांधता येत नाही. कागद कमी पडतो तरी, नाहीतर उरतो तरी.

नवरा म्हणाला, "गंमत करत असतील." नाताळच्या बाबतीत? वहिनी?

३ डिसेंबर

कामाचा डोंगर. डिसेंबर आला की सगळ्या जगाला दात हवे असतात. आमच्या कवळ्यांच्या कार्यशाळेत सतरा साचे रांगेत मांडलेत, सतरा तोंडं माझ्याकडे आ वासून बघतायत. डॉक्टरांनी प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहिलंय — 'नाताळच्या आधी'. अकरा महिने बोळक्याने निभावतात आणि आताच बरं चावायची हौस येते.

नखांत मेण. केसांत प्लास्टर. जेवणात काय करायचं, सुचत नाही.

५ डिसेंबर

वहिनींकडे जाऊन सामान आणलं. चार खोकी. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी — 'चालते', 'अर्धी चालते', 'हलवली तर चालते'. मी सतत हसत होते. भाऊजी सोफ्यावर पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, "काय, तुझ्यावर राज्य आलं वाटतं या वर्षी?"

शेवटी वहिनींनी एक वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड. "यात सगळं आहे. कुणाला कधी काय दिलं, कुणाचं माप काय, कुणाला काय आवडलं नाही पण बोलले नाहीत."

"मग तुम्हाला लागणार नाही?"

"मला पाठ आहे." मग खोकं गाडीत ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि हे बघ, वहीत आहे तस्संच करायचं असं नाही. तुला पटेल तेवढंच कर."

६ डिसेंबर

सुट्टी. वही उघडली ती खाली ठेववेना.

'सासूबाई — लोकरी मोजे नकोत, पायांना खाज येते. त्या सांगणार नाहीत.' सासूबाई आमच्याकडे राहतात, मी दर थंडीत लोकरी मोजे आणते आणि त्या दर थंडीत म्हणतात, छान आहेत हो.

'धाकटीची मुलगी, वय सात — मागेल त्याच्या उलट द्यावं. तेच आवडतं.'

'धाकटी — पुस्तकं देऊ नयेत. वाचत नाही, मांडून ठेवते.' धाकटी म्हणजे मी. राग आला. मग मांडून ठेवलेल्या पुस्तकांकडे बघितलं आणि गेला.

त्याखालची ओळ — 'धाकटीला धाकट्याकडून: हिरवी शाल.'

तीनदा वाचली. ही शाल मी अकरा वर्षं वापरतेय. वाचतानाही अंगावर तीच होती. नवऱ्याची नजर म्हणून सगळ्या मैत्रिणींना मिरवलेली शाल. हाक मारली. आला. वही पुढे धरली.

"अगं, मी रंग सांगितला होता," तो म्हणाला.

"कुठला?"

माझ्या खांद्यांकडे बघून म्हणाला, "निळा."

इतकी हसले की सासूबाई बाहेर आल्या, काय सांडलं म्हणून. मग बसून हिशेब लावला — एकोणीस नाताळांत सतरा भेटी वहिनींनी निवडलेल्या. नवऱ्याच्या स्वतःच्या दोनच. एक इस्त्री, एक वजनकाटा.

"या वर्षी तूच आणायचं," मी म्हटलं. "वजनकाटा चालेल. पण तूच."

८ डिसेंबर

आज वहीचं मागचं पान पाहिलं. बघायला नको होतं.

वर मथळा — 'यांच्याकडून मला.' खाली बावीस ओळी, वर्ष घालून. राखाडी हातमोजे. छत्री. तपकिरी पाकीट. उशीचे अभ्रे. सगळ्या भेटी वहिनींनीच स्वतःला आणलेल्या, स्वतःच कागदात बांधलेल्या, चिठ्ठीवर भाऊजींचं नाव घातलेल्या. बाकी सगळ्यांच्या नावांपुढे शेरे आहेत — आवडलं, घातलं नाही, बदलून आणलं. या पानावर एकही शेरा नाही. फक्त गेल्या वर्षीच्या ओळीपुढे बारीक अक्षरात — 'कानातली. यांनी विचारलं, छान आहेत, कुणी दिली?'

मी होते तिथे. आम्ही सगळे हसलो होतो. मला वाटलं, भाऊजी थट्टा करतायत. वहिनीही हसल्या होत्या.

१० डिसेंबर

दोन दिवस डोक्यात तेच. वहीप्रमाणे जायचं तर वहिनींसाठी काहीतरी आणून त्यावर भाऊजींचं नाव मी घालायचं. नवरा म्हणतो, "घेऊन टाक ना. कशाला उगाच? दादाचा स्वभाव माहीत आहे."

माहीत आहे म्हणूनच.

दुपारी कामावरून भाऊजींना फोन केला. म्हटलं, "बाकी सगळ्यांचं मी बघतेय. वहिनींची भेट तेवढी तुम्ही आणा."

"माझ्याकडून ना? तूच घे की काहीतरी. तुम्हा बायकांना कळतं त्यातलं."

"नाही भाऊजी. तुम्हीच आणा. काहीही आणा, पण तुम्ही."

"बरं बरं. बघतो."

माणूस वाईट नाही. लेकीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर सोळा तास बसून होते, नवरा गावाला अडकला होता म्हणून. हे लिहून ठेवते, नाहीतर मी एकतर्फी होईन.

१४ डिसेंबर

अकरा कवळ्या गेल्या, सहा राहिल्या. एका आजोबांनी निरोप धाडलाय, दात जरा मोठे ठेवा, फोटोत दिसायला हवेत.

१७ डिसेंबर

झाड उभं केलं. 'हलवली तर चालते' ही माळ हलवली तर सगळ्या घराचे दिवे गेले. लेक म्हणाली, "काकूंनी हे इतकी वर्षं एकटीने केलं?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "का?" स्टुलावर चढून चांदणी लावायला लागले.

सासूबाई खालून सूचना देतायत. डावीकडे. जरा उजवीकडे. होती तिथेच बरी होती. खुर्चीत बसून सांगणं किती सुखाचं असतं ते मला ठाऊक आहे, एकोणीस वर्षं तेच केलंय. त्यांना या वर्षी सुती मोजे आणलेत. बघू.

वहिनींना फोन करून विचारलं, केक आधी करून ठेवला तर चालतो का. पाच मिनिटं नीट समजावून सांगितलं. आवाज हलका वाटला. मध्येच भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. विचारलं, काय चाललंय? म्हणाल्या, "शेजारी काम काढलंय."

२० डिसेंबर

भाऊजींना पुन्हा आठवण केली. "आहे गं लक्षात."

पुडकी बांधतेय. कागद उरतोच.

२३ डिसेंबर

शेवटची कवळी पॉलिश करून दिली. येताना दुकानात शिरले. वाइनच्या रंगाचा एक स्कार्फ होता, वहिनींना शोभला असता. माझ्याकडून त्यांना दिवा घेऊन ठेवलाय, टेबलावरचा, वाचायला. हा जादाचा. घ्यावा, कपाटात ठेवावा, वेळ आली तर भाऊजींचं नाव घालून झाडाखाली सरकवावा. नवऱ्यानेही हेच सुचवलं होतं.

हातात घेतला. गल्ल्याच्या रांगेत उभी राहिले. पुढे दोन जण. मग एकच. मग मी रांगेतून निघून स्कार्फ जागेवर ठेवला. मी चांगलं करतेय की कुणाचा तरी सूड उगवतेय, मला कळत नाहीये. भाऊजींच्या लक्षात असेलच. दोनदा सांगितलंय.

२५ डिसेंबर

जेवण झालं. सूप खारट, केक मधोमध खचलेला. कुणी बोललं नाही — म्हणजे कुणीतरी वहीत लिहून ठेवायला हवं.

वहिनी खरोखर पाहुणीसारख्या आल्या. केस कापलेले, आखूड. एकदाही स्वयंपाकघरात डोकावल्या नाहीत. मी भांडी घेऊन धावत होते तेव्हा खुर्चीत मागे रेलून सासूबाईंशी गप्पा मारत होत्या. भाऊजी दोनदा म्हणाले, "अगं, तिला मदत कर." त्या म्हणाल्या, "तुम्ही करा की." भाऊजी हसले.

मग भेटी. आमच्याकडे रीत अशी की धाकट्यापासून थोरल्यापर्यंत एकेकाने आपल्या भेटी उघडायच्या आणि कुणाकडून ते मोठ्याने वाचायचं. लेकीचं झालं. माझं आलं. नवऱ्याचं पुडकं माझ्यापेक्षाही वाईट बांधलेलं, चिकटपट्टीच जास्त. आत कपाळाला बांधायचा दिवा! खाणीत उतरतात तसला. "कवळीवर वाकून तुझे डोळे दुखतात ना," तो म्हणाला, "म्हणून." सगळे हसले. मी तो लगेच बांधला आणि लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उजेड माझ्याकडून बाहेर होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

मग नवरा. मग वहिनी. त्यांनी माझा दिवा उघडला, लेकीने काढलेलं चित्र उघडलं, सासूबाईंचं पुडकं उघडलं, त्यांच्या परगावी असलेल्या मुलाने पाठवलेला खोका उघडला. प्रत्येक वेळी नाव वाचलं. आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

झाडाखाली भाऊजींच्या आणि सासूबाईंच्याच भेटी उरल्या होत्या. सगळ्यांना ते दिसत होतं. लेकीने तोंड उघडलं, मी तिच्याकडे बघितलं, तिने मिटलं.

भाऊजी माझ्याकडे वळले. वहिनींकडे नाही, माझ्याकडे. "का गं, माझ्याकडून काही घेतलं नाहीस का हिला?"

मी म्हटलं, "तुम्ही आणणार होतात ना, भाऊजी."

"अरे हो. राहिलंच की." मग वहिनींना, "उद्या घेऊन टाक तुला हवं ते. मी काही नाही म्हणणार नाही."

वहिनी म्हणाल्या, "बरं." इतक्या शांतपणे की मला त्यांनी ताट फेकलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्या भाऊजींना ओलांडून सासूबाईंना म्हणाल्या, "आई, आता तुमची पाळी." सासूबाईंनी सुती मोजे काढले, तिथल्या तिथे पायांत घातले, आणि म्हणाल्या, "हे खरंच छान आहेत हो."

निघताना वहिनींनी मला मिठी मारली. कपाळावरचा दिवा काढायचा राहिला होता, तो त्यांच्या कपाळाला लागला.

२६ डिसेंबर

दिवसभर फोन हातात घेऊन बसले. केला नाही. स्कार्फ घेतला असता तर काय बिघडलं असतं?

२८ डिसेंबर

सकाळी भाऊजींचा फोन. "ती तुझ्याकडे आली आहे का?"

"नाही. का?"

"कालपासून नाही. टेबलावर चिठ्ठी आहे, काळजी करू नका, जेवून घ्या." मग विचारलं, "घरात साखर कुठे ठेवते ती, तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. नवरा त्यांच्याकडे गेलाय. मी कामावर गेले, एक साचा हातातून पडून फुटला.

३१ डिसेंबर

आत्ता वहिनींचा फोन आला. नोव्हेंबरमध्येच खोली घेतली होती, त्या शिकवतात त्या शाळेजवळ. त्या दिवशी फोनवर ऐकू आलेला खिळाही त्याच ठोकत होत्या. "नाताळपर्यंत थांबले," म्हणाल्या. "वाटलं, मी केलं नाही तर काय होतं ते एकदा बघावं."

मी म्हटलं, "वहिनी, मी स्कार्फ हातात घेतला होता. घेतला असता तर—"

"तर आणखी एक वर्ष राहिले असते. बरं झालं, नाही घेतलास."

"वहिनी, तुम्ही—"

"वहिनी नको आता. 'तुम्ही'सुद्धा नको. मला नाव आहे."

एकोणीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं. जीभ वळेना. दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग हाक मारली.

"ओ," ती म्हणाली.