उपरण्याखालचा हात

३ जून, मंगळवार

तनुजा सकाळपासून जेवली न्हाई. नात माझी. इथं लातुरात माझ्याजवळ राहून हैदराबादच्या कंपनीचं काम करते. बँकेच्या निरोपांना कुलूप लावायचा एक प्रोग्राम हाय, जगात कुणीही फुकट घ्यावा असा. कंपनीनं त्याची एक प्रत घरात ठेवली, आपल्या सोयीनं बदलली. बाहेर मूळवाल्यांनी, म्हंजे तो बनवणाऱ्यांनी, मूळ प्रत बदलली की तनुजानं त्यातलं चांगलं तेवढं निवडून आपल्यात बसवायचं. तीन वर्सं हेच करून राहिली.

आता तिचा साहेब रविकिरण म्हणतो, आपली प्रत मंद चालते, टाकून दे, मूळच घेऊ. तू हैदराबादला ये, दुसरं काम देतो.

ही गेल्यावर मी भांडू कुणाशी?

५ जून

विचारलं, मंद का गं?

"आजी, चोर अंदाजानं किल्ली पाठवतो. मूळ प्रोग्राम पहिलंच अक्षर चुकलं की लगेच न्हाई म्हणतो. चार अक्षरं जुळली तर जरा उशिरा म्हणतो. चोर तो उशीर मोजतो, अन् एकेक अक्षर ओळखत जातो. माझा सगळी अक्षरं तपासतो, मगच न्हाई म्हणतो. दरवेळी सारखाच वेळ."

माझी भाकरी तव्यावर करपली. अगं, हे तर तुझ्या आजोबाचं! माळेगावच्या जत्रेत बैलाचा सौदा उपरण्याखाली व्हायचा, बोटं दाबून. मोल मनातल्या आकड्यापासून लांबचं असलं की लोक हात झटकन काढत. जवळ आलं की हात घुटमळायचा, अन् दलाल तेवढंच ओळखायचा. आमचे हणमंतराव कोणत्याबी मोलाला हात एकसारखाच काढायचे. दलाल त्यांना धोंडा म्हणत. विकायला असे हुशार — घ्यायला गेले की बैलाच्या डोळ्यावर भुलायचे, ती गोष्ट येगळी.

११ जून

रविकिरण आला, प्रत बंद करायचं पक्कं करायला. "आजी, मी डाएटवर हाय," म्हणत चार धपाटे खाल्ले.

मी म्हणलं, साहेब, हात द्या. वर उपरणं टाकलं. एक ते दहा, मनात आकडा धरा. मी बोटं दाबते, चुकलं की हात काढा.

चौथ्या वेळी सांगितलं — सात.

"कसं ओळखलं?"

"पाचाला झटकन काढलात, सहाला घुटमळलात."

मग मी आकडा धरला. पाच वेळा दाबलं त्यांनी, काही कळंना. मग तनुजाला म्हणले, "तुझा बदल मूळवाल्यांना पाठव. त्यांनी घेतला तर तू खरी. न्हाई तर हैदराबाद."

ते गेल्यावर तनुजा ओरडली, "साहेबाचा हात असा कुणी धरतं का?"

धोंड्याची बायको हाय मी.

१८ जून

उत्तर न्हाई.

२४ जून

मूळवाल्यांतल्या कुठल्याशा देशातल्या माणसानं लिहिलं, एवढं मंद कशाला? तनुजानं दोन्ही प्रतींना लाख लाख खोट्या किल्ल्या लावून वेळ मोजला, अन् ते आकडे पाठवले. तवापासून माणूस गप. बाजारात गप बसलेला हरलेला असतो. तिकडचं माहीत न्हाई.

२ जुलै

"आजी, आपली प्रत आज बंद केली."

मी तिची बॅग काढायला माळ्यावर हात घातला.

"ठेव ती वरच," हसून राहिली पोरगी. "मूळवाल्यांनी माझा बदल घेतला, मग आपली येगळी प्रत कशाला? तो भाग सांभाळायलाबी मलाच दिला. साहेब म्हणले, लातुरातूनच कर."

आता समद्या जगाचा हात हणमंतरावांसारखा निघणार.