तिसऱ्या हाकेची वाट

बाबा,

येत्या शनिवारी आम्ही सगळे नॅशनल पार्कात तंबूत राहायला जातोय आणि मला भीती वाटतेय. हे घरात सांगायची सोय नाही, कारण सगळा बेत माझ्याच भरवशावर ठरलाय. ताईचं म्हणणं, घरात एवढा भटक्या माणूस आहे, बारावी अर्धी टाकून गावोगाव फिरला, कधी मढच्या बंगल्यांत शूटिंगचं सामान उचललं, कधी ऑफिसातल्या लोकांना गडावर नेऊन आणलं, तर त्याचा घरच्यांना एकदा तरी उपयोग होऊ दे. भावोजी तर मला गाईडसाहेबच म्हणायला लागलेत. म्हणून यादी करत होतो. टॉर्च, चटया, डासांचं मलम, आईचा गुडघ्याचा पट्टा, छोटीसाठी शिट्टी. शिट्टी लिहिली आणि पुढे हात चालेना. आता त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तुम्हाला लिहितोय. छोटी म्हणजे ताईची मुलगी, सात वर्षांची. तुम्ही गेलात तेव्हा ताईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. पोरगी थेट माझ्यावर गेलीय. बाजारात हात सुटला की मांजराच्या मागे चालली. परवा विचारते, "मामा, बिबट्याला चकली आवडते का?" सगळे हसले, मीपण हसलो. पार्कवाले म्हणतात तंबूंना कुंपण आहे, त्यांचा माणूस सोबत असतो. असेल. पण मी आठ वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही स्वतः सोबत होतात की.

तुम्हाला तो दिवस नक्की आठवत असणार. मिल बंद पडल्यावर तुम्ही साकीनाक्याच्या गाळ्यात प्रेस मशीनवर लागला होतात आणि त्या धडाधडीत तुमचे कान अर्धे गेले होते. तुम्ही टीव्ही एवढा मोठा लावायचात की शेजारच्या काकी आपल्या बातम्या त्यांच्या घरात बसून ऐकायच्या. मग त्याच आम्हाला येऊन सांगायच्या, उद्या पाणी येणार नाही म्हणून. असो, मी भलतीकडे चाललो. त्या दिवशी ह्याच पार्कात कान्हेरीच्या वाटेच्या बाजूला आपण बसलोय, आई भाकरी आणि सुकट काढतेय, तुम्ही एका झाडाखाली रानाच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालताय, "पोरांबाळांक सांभाळ रे म्हाराजा." मग जेवता जेवता तुम्ही ते सांगितलंत. रानात कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, पहिल्या दोन कुणाच्या असतील सांगता येत नाही. तुम्ही हसत सांगितलंत. ताईनेही हसण्यावारी नेलं. मी मात्र घासासोबत ते गिळलं.

आणि मग मला तो सरडा दिसला, गळा लालभडक झालेला. तो झुडपात, मी त्याच्या मागे. वर बघतो तर वाट नाही, तुम्ही नाही, चहूकडे डोक्याच्या वर कारवीची झुडपं. तेवढ्यात तुमची हाक आली, "बाबू!" एक. मी तोंड दाबून उभा. मग दुसऱ्याच बाजूने, "बाबू रे!" दोन. आता तिसरी आली की ओ द्यायची. पण तिसरी येईना. तुम्ही पुढे गेला होतात. माझ्या मागे पाचोळा वाजला, थांबला, परत वाजला, आणि मी मान वळवली नाही. मग परत एक हाक, खूप लांबून. ही तिसरी धरायची की नव्याने पहिली, हेच मला कळेना. तुमचा आवाज चिरका झाला होता, तुमचा वाटतच नव्हता, म्हणून तर आणखीच गप्प राहिलो. शेवटी कारवी मोडत तुम्ही आलात, एका पायात चप्पल नाही, शर्ट खांद्यावर फाटलेला. मारलं नाहीत. एवढंच विचारलंत, "ओ का नाही दिलीस?" मी म्हटलं, "दिली होती. तुम्हालाच ऐकू नाही आलं."

तुमचा हात कानावर गेला, तो मला अजून दिसतो. त्यानंतर तुम्ही आम्हाला कुठेच नेलं नाहीत. चौपाटीला जायचं असलं तरी, "आईबरोबर जावा." गावाहून कुणी आलं की सांगायचात, पोर ओरडत होतं आणि ह्या माझ्या कानांना पत्ता नाही.

आज सकाळी गच्चीवर छोटीची तालीम घेतली. ती टाकीमागे लपणार, मी हाक मारणार, तिने ओ द्यायची. तिचा लाल बूट मला दिसत होता, दहा पावलांवर. पहिली हाक मारली, गप्प. दुसरी मारली, गप्प. बूट दिसतोय, पोरगी आहे, ऊन आहे, खाली रिक्षांचे हॉर्न आहेत, आणि माझ्या तोंडून तिसरी निघेचना. आई म्हणाली, "मार की आणखी एक! मीच शिकवलंय तिला, तुझ्या बाबांचं आहे ते." शेवटी ताईने हाक मारली आणि छोटी नाचत बाहेर आली, "ओऽऽ! मामा घाबरला! मामा घाबरला!"

मी तिला समोर बसवून सांगितलं, आपल्याकडे नियम बदललाय, पहिल्या हाकेलाच ओ द्यायची. ती म्हणाली, "आणि भूत असलं तर?" म्हटलं, "भुतालापण दे. भुताचं मी बघतो." आई चिडली. "बाबांचं सांगणं मोडतोस? तेव्हा तूपण तिसऱ्या हाकेलाच ओ दिली होतीस आणि सापडलास ना?"

मी "हो" म्हणालो, बाबा. परत.

ताईला यादी हवी होती. फोटो काढून पाठवलाय, फक्त पुढच्या बाजूचा. हा कागद बॅगेत तळाशी राहील. छोटीला शनिवारभर हाका मारत राहणार आहे, कंटाळली तरी. त्या दिवशी तुमच्या कानांची चूक नव्हती, मी ओ दिलीच नव्हती. पहिल्याच हाकेला मला ऐकू आलं होतं, आणि आवाज तुमचाच आहे हेही कळलं होतं.